बूस्ट कन्व्हर्टरच्या सिम्युलेशनमध्ये पाणी कुठे मुरतंय ते कसं शोधायचं

वीज गेली की घरातला राउटर बंद पडतो. शेजारी पूर्ण चार्ज झालेली पॉवर बँक असते, पण ती देते ५ व्होल्ट आणि राउटरला लागतात १२. या दोघांच्या मध्ये जे सर्किट बसतं ते बूस्ट कन्व्हर्टर. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एमटी३६०८ चिपचं तयार मॉड्यूल सहज मिळतं, ते आणून जोडलं की काम भागतं. पण ज्यांना हे सर्किट आतून समजून घ्यायचंय, स्वतः डिझाइन करायचंय, ते आधी संगणकावर सिम्युलेशन करतात आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. सर्किट पुस्तकातल्यासारखं काढलेलं असतं, रन केलं की आउटपुट ४ व्होल्टवर बसून राहतं, किंवा १७ वर जातं, नाहीतर मधेच लाल अक्षरांत एरर येते.

डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलांच्या अशा फाइल्स मी बऱ्याच वर्षांपासून बघतो आहे. चुका फार थोड्या प्रकारच्या असतात. त्या शोधण्याची एक ठरावीक वाट आहे आणि ती आउटपुटपासून सुरू होत नाही. आउटपुट हा शेवटचा परिणाम असतो, त्याच्याकडे कितीही वेळ बघत बसलात तरी कारण कळत नाही. बघायच्या दोन जागा आहेत: कॉइलमधला करंट आणि स्विच, कॉइल, डायोड हे तिघे जिथे भेटतात तो बिंदू. या लेखात मी त्याला स्विच-बिंदू म्हणेन.

मी एलटीस्पाइस हा सिम्युलेशनचा प्रोग्राम गृहीत धरतो, कारण तो फुकट आहे आणि नवशिके बहुधा त्यावरच असतात. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातलं ईसिम किंवा नुसतं एनजीस्पाइस वापरत असाल तर मेनू वेगळे दिसतील. या सगळ्यांचं मूळ १९७०च्या दशकात बर्कली विद्यापीठात तयार झालेल्या स्पाइसमध्येच आहे, त्यामुळे विचार तोच लागू पडतो.

आधी कागदावर आकडे काढा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. काय यायला हवं तेच माहीत नसेल तर आलेलं चूक की बरोबर हे ठरवणार कसं?

आपलं उदाहरण: आत ५ व्होल्ट, बाहेर १२ व्होल्ट, लोड (वीज वापरणारं उपकरण, इथे राउटर) २४ ओहम, म्हणजे अर्धा अँपिअर आणि ६ वॉट. स्विचिंगची वारंवारता १०० किलोहर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन १० मायक्रोसेकंदांचं. कॉइल ४७ मायक्रोहेन्री, आउटपुटचा कपॅसिटर १०० मायक्रोफॅरड.

सर्किटचं काम असं चालतं. स्विच चालू झाला की कॉइलचं दुसरं टोक जमिनीला (ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला) लागतं, कॉइलवर पूर्ण ५ व्होल्ट येतात आणि तिच्यातला करंट सरळ रेषेत चढू लागतो. स्विच बंद झाला की करंट एकदम थांबू शकत नाही, म्हणून कॉइल आपलं व्होल्टेज उलटं करते, स्विच-बिंदू उसळून आउटपुटच्याही वर जातो, डायोड उघडतो आणि करंट कपॅसिटरमध्ये ओतला जातो. चालू असताना जेवढं चढलं तेवढंच बंद असताना उतरलं की सर्किट स्थिरावलं.

या चढ-उताराच्या हिशेबातून सूत्र निघतं: आउटपुट म्हणजे इनपुट भागिले (एक वजा ड्यूटी सायकल). ड्यूटी सायकल म्हणजे आवर्तनाच्या जितक्या भागात स्विच चालू असतो तो भाग. १२ व्होल्टसाठी ड्यूटी ०.५८३ येते. शॉट्की डायोडवर (कमी व्होल्टेज खाणारा, झटकन बंद होणारा डायोड) साधारण ०.४ व्होल्ट पडतात, ते धरले तर ०.५९७. आपण ०.६ घेऊ, म्हणजे १० पैकी ६ मायक्रोसेकंद स्विच चालू.

कॉइलमधला सरासरी करंट म्हणजे लोडचा करंट भागिले ०.४, साधारण १.२५ अँपिअर. इथे नवशिक्यांना धक्का बसतो. बाहेर अर्धा अँपिअर असला तरी आत सव्वा लागतो, कारण पॉवर कुठूनतरी यायलाच हवी. चढाचा वेग ५ भागिले ४७, म्हणजे दर मायक्रोसेकंदाला ०.१०६ अँपिअर. ६ मायक्रोसेकंदांत करंट ०.६४ अँपिअरने चढतो, उरलेल्या ४ मध्ये तेवढाच उतरतो. म्हणजे कॉइलचा करंट साधारण ०.९ आणि १.६ अँपिअरच्या मध्ये करवतीच्या दात्यांसारखा फिरला पाहिजे. आउटपुटवरचा रिपल, म्हणजे व्होल्टेजचा बारीक चढ-उतार, नुसता कपॅसिटर धरला तर, ३० मिलिव्होल्ट.

हे आकडे वहीत लिहून शेजारी ठेवा. पुढचं सगळं यांच्याशी ताडून बघायचंय.

सर्किट खरंच जोडलेलं आहे का?

इथे फार वेळ घालवायचा नाही, पण चुकवायचंही नाही. जमिनीचं चिन्ह सर्किटमध्ये कुठेतरी हवंच, स्पाइसला शून्य नावाचा बिंदू लागतो. एखाद्या तारेच्या टोकाला छोटासा चौकोन दिसत असेल तर ते टोक मोकळं आहे. स्विच-बिंदूला आणि आउटपुटला स्वतः नावं द्या. मग कर्सर तारेवर नेला की खालच्या पट्टीत त्या बिंदूचं नाव दिसतं. एकाच तारेच्या दोन तुकड्यांवर वेगवेगळी नावं दिसली तर जोड सुटलेला आहे.

आकड्यांच्या मागची अक्षरं मात्र नीट बघा. स्पाइसला मोठी-लहान लिपी कळत नाही, त्यामुळे नुसता एम म्हणजे नेहमी मिली. मेगा हवं असेल तर एम, ई, जी ही तिन्ही अक्षरं लिहावी लागतात. कपॅसिटरच्या चौकटीत १०० आणि पुढे नुसतं एफ लिहिलं तर तो १०० फॅरड होत नाही, १०० फेम्टोफॅरड होतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मग आउटपुट प्रत्येक आवर्तनात शून्याला टेकून वर उसळताना दिसतं आणि माणूस डायोडवर संशय घेत बसतो. मायक्रोसाठी लहान यू लिहा, आकडा आणि अक्षर यांत जागा सोडू नका.

गेटचा पल्स

आपला स्विच म्हणजे मॉस्फेट नावाचा ट्रान्झिस्टर. त्याला तीन पाय: गेट, ड्रेन आणि सोर्स. गेटला व्होल्टेज दिलं की ड्रेन आणि सोर्समधली वाट उघडते. या गेटला पल्स देणारा स्रोत हे तपासायचं दुसरं ठिकाण. त्याच्या चौकटीत सात रकाने भरायचे असतात: सुरुवातीचं व्होल्टेज, वरचं व्होल्टेज, उशीर, चढायला लागणारा वेळ, उतरायला लागणारा वेळ, चालू राहण्याचा वेळ आणि पूर्ण आवर्तन. आपल्यासाठी ०, १०, ०, १० नॅनो, १० नॅनो, ६ मायक्रो, १० मायक्रो.

चढ-उताराचे वेळ शून्य लिहू नका. शून्य म्हणजे तत्काळ असं तुम्हाला वाटतं, पण एलटीस्पाइस तो रकाना रिकामा समजून स्वतःचा वेळ धरतो आणि तो आपल्या कल्पनेपेक्षा बराच मोठा असतो. गेट रेंगाळत चढतो, ड्यूटी बिघडते, आणि वहीतल्या आकड्यांशी काही जुळेना की हे कारण शेवटपर्यंत सुचत नाही.

वरचं व्होल्टेज किती, हेही मॉस्फेट बघून ठरवा. आयआरएफझेड४४एनसारख्या नेहमीच्या मॉस्फेटचा चालू रोध (चालू असतानाचा रोध) उत्पादक १० व्होल्ट गेटला सांगतात. ५ व्होल्टवर तो उघडतो, पण पुरता उघडेल याची खात्री नसते. मायक्रोकंट्रोलरच्या ५ व्होल्टने थेट चालवायचा असेल तर आयआरएलझेड४४एनसारखा, लॉजिक लेव्हल म्हणून विकला जाणारा घ्यावा. सिम्युलेशनमध्ये १० व्होल्टचा पल्स देणं सोपं असतं. टेबलावर तो १० व्होल्टचा ड्रायव्हर कुठून आणणार, हा प्रश्न आत्ताच स्वतःला विचारून ठेवा.

आउटपुट ४.२ व्होल्टवर बसलंय

आता एक फाइल जवळून बघू. एका विद्यार्थिनीने पाठवलेली होती, सोबत एकच वाक्य: सर, सगळं बरोबर आहे पण बूस्टच होत नाहीये. आउटपुट ४.२ व्होल्ट, सरळ रेष.

हा आकडाच बोलतो. ५ व्होल्टमधून एका सिलिकॉन डायोडचे ०.८ गेले की ४.२ उरतात. म्हणजे करंट इनपुटपासून कॉइलमधून, डायोडमधून सरळ लोडला जातोय आणि स्विच त्याच्यात काहीच ढवळाढवळ करत नाहीये. हे कळल्यावर प्रश्न एवढाच उरतो की स्विच का चालत नाही.

गेटवर क्लिक केलं. ० ते १० व्होल्टचा सुरेख चौकोनी पल्स. म्हणजे गेट ठीक. मग स्विच-बिंदूवर क्लिक केलं. तिथे ० आणि १२ च्या मध्ये उड्या दिसायला हव्या होत्या, दिसली ५ व्होल्टवर जवळजवळ सपाट रेष. गेट चालू आणि ड्रेन ढिम्म. दोष मॉस्फेटमध्येच असणार हे इथे पक्कं झालं.

मॉस्फेटशेजारी नाव लिहिलेलं होतं ते नुसतं एनमॉस. तिने चिन्ह ठेवलं होतं, भाग निवडलाच नव्हता. एलटीस्पाइस अशा वेळी तक्रार करत नाही, एक मूळचं मॉडेल वापरतं. ते मॉडेल चिपच्या आतल्या इवल्याशा ट्रान्झिस्टरचं असतं: १० व्होल्ट गेटला त्याच्यातून जेमतेम १ मिलिअँपिअर जातो. आपल्याला हवाय दीड अँपिअर. डायोडचंही तेच, नुसतं डी लिहिलेलं, म्हणून तो ०.८ व्होल्ट खात होता.

उपाय दोन मिनिटांचा. मॉस्फेटवर उजवं क्लिक करून नवा मॉस्फेट निवडण्याचा पर्याय घ्या. यादीत कमाल व्होल्टेज, चालू रोध, गेट चार्ज असे रकाने असतात. ६० व्होल्टचा, २०-३० मिलिओहमचा कुठलाही एन-चॅनल घ्या. १२ व्होल्टच्या सर्किटला ६० कशाला, ते थोडं पुढे कळेल. डायोडच्या यादीतून शॉट्की घ्या. १एन५८१९ चालतो, कारण डायोडमधला सरासरी करंट लोडइतकाच, अर्धा अँपिअर असतो. घरात पडलेला १एन४००७ इथे चालत नाही. तो ५० हर्ट्झच्या कामाचा आहे. बंद व्हायलाच त्याला काही मायक्रोसेकंद लागतात आणि आपलं अख्खं आवर्तन १० मायक्रोसेकंदांचं आहे.

बदल केल्यावर स्विच-बिंदू ० ते १२.४ च्या मध्ये नाचू लागला. तिचा लगेच दुसरा मेसेज आला: आता १७ दाखवतंय.

थांबायची घाई करू नका

तिने सिम्युलेशन १ मिलिसेकंदाचं ठेवलं होतं. १०० किलोहर्ट्झला १ मिलिसेकंद म्हणजे १०० आवर्तनं, पुरेशी वाटतात. पण कॉइल आणि कपॅसिटर मिळून या सर्किटची स्वतःची एक संथ लय असते. आपल्या आकड्यांना ती साधारण ९३० हर्ट्झची, म्हणजे एका हेलकाव्याला १ मिलिसेकंदाहून थोडं जास्त. सुरुवातीला आउटपुट १२ ओलांडून बरंच वर जातं, अर्ध्या मिलिसेकंदाच्या सुमारास शिखर गाठतं, मग खाली येतं, पुन्हा वर जातं, आणि हळूहळू निवतं. तिने पहिल्या हेलकाव्याचं शिखर वाचलं होतं.

सिम्युलेट मेनूत सिम्युलेशनची आज्ञा बदलायची खिडकी उघडा. स्टॉप टाइम २० मिलिसेकंद द्या. मॅक्झिमम टाइमस्टेपच्या चौकटीत ५० नॅनोसेकंद लिहा. ती रिकामी ठेवली तर प्रोग्राम स्वतःच्या सोयीने मोठ्या ढांगा टाकू शकतो आणि करवतीचे दाते वाकडेतिकडे दिसतात. आवर्तनाचा शंभरावा ते दोनशेवा भाग हा मी नेहमी वापरतो तो अंदाज. फाइल फार मोठी होत असेल तर डेटा १८ मिलिसेकंदांपासून साठवायला सांगा. मात्र सुरुवातीचा हेलकावा एकदा तरी डोळ्यांनी बघा, कारण टेबलावर राउटरला तोच हेलकावा बसणार असतो.

दर वेळी २० मिलिसेकंद थांबायचा कंटाळा येत असेल तर आरंभस्थिती सांगता येते: आउटपुट १२ व्होल्ट आणि कॉइलचा करंट १.२ अँपिअर असा निर्देश लिहिला की सर्किट जवळजवळ स्थिरावलेल्या अवस्थेतूनच सुरू होतं.

आता शेवटची दोन-तीन आवर्तनं मोठी करा आणि कॉइलचा करंट बघा. वहीत काय लिहिलं होतं? ०.९ ते १.६. दाते तिथेच फिरत असतील आणि आउटपुट ११.८ ते १२.१ च्या आसपास असेल तर तुमचं सर्किट चालतंय. थोडं कमी येणारच, कारण कॉइलचा आणि मॉस्फेटचा रोध आपण हिशेबात धरला नव्हता. दाते मायनसमध्ये, उलटे दिसले तर घाबरू नका. कॉइल ठेवताना ती उलटी फिरली आहे एवढंच. तिच्यावर कर्सर नेल्यावर बाण दिसतो, तो करंटची धन दिशा दाखवतो.

कॉइलचा करंट काय काय सांगतो

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे सावकाश जातो.

करंट प्रत्येक आवर्तनात चढतो आणि मुळीच उतरत नाही, पायऱ्या चढत दहा, पन्नास, शेकडो अँपिअर होतो. बहुधा मॉस्फेट उलटा बसलाय. मॉस्फेटच्या आत सोर्सकडून ड्रेनकडे एक डायोड जन्मजात असतो. सोर्स आणि ड्रेन यांची अदलाबदल झाली की हा डायोड कॉइलचं टोक कायमचं जमिनीला बांधून टाकतो. कॉइलवर सतत व्होल्टेज राहतं आणि करंटला अडवायला काहीच नसतं. एलटीस्पाइस कॉइलला तुम्ही काही सांगितलं नाही तर फक्त १ मिलिओहम रोध धरतो, म्हणून आकडे एवढे भयंकर दिसतात. सोर्स जमिनीला, ड्रेन कॉइलला, हे पुन्हा तपासा.

करंट शून्यापर्यंत उतरतो, काही वेळ शून्यावर पडून राहतो, आणि स्विच-बिंदूवर त्या वेळेत झुलणारी लाट दिसते. इथे बिघाड काही नाही. लोड हलका झालाय आणि सर्किट खंडित प्रकारात गेलंय. आपल्या आकड्यांना ही सीमा साधारण ९३ ओहमला येते. त्याहून मोठा लोड-रोध लावला की एक वजा ड्यूटीचं सूत्र लागूच होत नाही. इथेच ६० व्होल्टच्या मॉस्फेटचं उत्तर आहे. २४ ओहम काढून १ किलोओहम लावा, बाकी काहीही बदलू नका, आणि आउटपुट ३३ व्होल्टच्या आसपास चढताना बघा. लोड पूर्णच काढला तर ते चढतच राहतं, कारण प्रत्येक आवर्तनात कॉइल कपॅसिटरमध्ये थोडी ऊर्जा टाकते आणि ती बाहेर काढायला कुणी नसतं. फीडबॅक (आउटपुट बघून ड्यूटी आपोआप बदलणारी जोडणी) नसलेलं बूस्ट सर्किट टेबलावर लोडशिवाय चालू करायचं नाही, हे म्हणूनच मी प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी सांगतो. ३३ व्होल्ट १६ व्होल्टच्या कपॅसिटरवर आले की तो फुगतो आणि फुटतो.

करंट ठीक चढतो, पण स्विच बंद होताच स्विच-बिंदू शेकडो व्होल्टवर उडतो आणि आउटपुट शून्य. डायोड उलटा आहे. कॉइलला करंट ढकलायला वाट नाही, म्हणून ती मॉस्फेटच्या छोट्याशा कपॅसिटन्समध्येच सगळी ऊर्जा कोंबते. खऱ्या सर्किटमध्ये हे झालं तर मॉस्फेट जातो.

करंट भरपूर आहे, सरासरी तीन-चार अँपिअर, तरी आउटपुट वाढत नाही. इथे ड्यूटी किती ठेवली आहे ते विचारा. सूत्र म्हणतं ड्यूटी एकच्या जवळ नेली की आउटपुट अनंताकडे जाईल. खऱ्या कॉइलला रोध असतो आणि तो हे होऊ देत नाही. कॉइलचा रोध अर्धा ओहम असेल तर २४ ओहमच्या लोडला ५ व्होल्टमधून जास्तीत जास्त १७ व्होल्टच्या आसपास मिळतात, तेही ०.८५ ड्यूटीला. त्यापुढे ड्यूटी वाढवली की आउटपुट उलट कमी होतं आणि कॉइल तापते. सहा पट, आठ पट बूस्ट एकाच टप्प्यात हवा असं कुणी म्हणालं की मी आधी कॉइलचा रोध विचारतो.

टाइम स्टेप टू स्मॉल

ही एरर आली की मुलं इंटरनेटवरून सहनशीलतेचे (टॉलरन्सचे, म्हणजे हिशेबात किती चूक चालेल त्याचे) पर्याय शोधून, पाच-सहा निर्देश एकदम चिकटवतात. कधी सिम्युलेशन चालतंही, पण मग येणाऱ्या उत्तरावर विश्वास ठेवता येत नाही. एररचा अर्थ एवढाच आहे की सर्किटमध्ये कुठेतरी व्होल्टेज किंवा करंट इतका झटकन बदलतोय की प्रोग्रामला त्याचा माग काढता येत नाही. निसर्गात असं काही नसतं, म्हणून सर्किट निसर्गाच्या जवळ न्या. कपॅसिटरला त्याचा आतला रोध द्या, ५० मिलिओहम वगैरे. कॉइलला तिच्या डेटाशीटमधला रोध द्या. गेटला ५-१० ओहमचा रेझिस्टर लावा. आदर्श डायोडच्या जागी लायब्ररीतला खरा घ्या. दहापैकी नऊ वेळा एवढ्याने मार्ग सुटतो. नाहीच सुटला तर सेटिंगमध्ये सॉल्व्हर नॉर्मलवरून ऑल्टर्नेटवर करा. तो सावकाश चालतो, पण त्याची आतली अचूकता जास्त असते. सहनशीलता ढिली करणं हा अगदी शेवटचा उपाय.

कपॅसिटरला आतला रोध दिल्यावर रिपल ३० मिलिव्होल्टवरून शंभराच्या घरात गेलेला दिसेल. चूक समजून तो रोध काढून टाकू नका. दीड अँपिअरचा करंट ५० मिलिओहममध्ये एकदम शिरतो, तेव्हा ८० मिलिव्होल्टची उडी पडणारच. खऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर ऑसिलोस्कोप लावला तर हेच दिसतं.

पॉवरचा ताळेबंद

एक तपासणी शेवटी जरूर करा. कंट्रोल दाबून आलेखाच्या वरच्या नावावर क्लिक केलं की दिसणाऱ्या भागाची सरासरी मिळते. आधी शेवटची नेमकी दहा आवर्तनं मोठी करा, अर्धवट आवर्तन घेऊ नका. इनपुटची सरासरी पॉवर आणि लोडची सरासरी पॉवर काढा. लोडवर ६ वॉट, इनपुटला साडेसहाच्या आसपास, म्हणजे ९० टक्क्यांच्या थोडं वर कार्यक्षमता, हे पटण्यासारखं आहे. १०० हून जास्त आली तर सर्किट अजून स्थिरावलेलं नाही आणि कपॅसिटर आपली शिल्लक लोडला देतोय, किंवा इनपुटचं चिन्ह उलटं वाचलंय. ६० टक्केच आली तर ऑल्ट दाबून एकेका भागावर क्लिक करा, कर्सर थर्मामीटरचा होतो आणि त्या भागात जाणारी पॉवर दिसते. सगळ्यात जास्त कोण तापतोय ते लगेच कळतं.

हे सगळं जुळेपर्यंत फीडबॅक लावू नका. बूस्टचं फीडबॅक मुळातच अवघड असतं: ड्यूटी वाढवली की आउटपुट आधी क्षणभर खाली जातं, मग वर येतं, कारण वाढलेल्या वेळात डायोड बंद असतो. फीडबॅकला वाटतं आपण कमी पडलो, तो आणखी वाढवतो, आणि सर्किट डोलू लागतं. आपल्या आकड्यांना हा परिणाम १३ किलोहर्ट्झच्या आसपास जोर धरतो, म्हणून फीडबॅकची गती त्याच्या बरीच खाली ठेवावी लागते. ड्यूटीला ०.८-०.८५ ची कमाल मर्यादाही घालावी लागते, नाहीतर स्विच कायम चालू राहून अडकतो.

टेबलावर आकडे का जुळत नाहीत

एलटीस्पाइसची साधी कॉइल, तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर, संपृक्त होत नाही. बाजारातली होते. शिखर करंट १.६ येतोय, सुरुवातीच्या हेलकाव्यात त्याच्याही वर जातोय, आणि तुम्ही १ अँपिअरची छोटी कॉइल लावली, तर तिचं इंडक्टन्स मधेच कोसळतं, करंट भाल्यासारखा वर जातो. कॉइल घेताना संपृक्ततेचा आकडा विचारा, नुसते मायक्रोहेन्री नाही.

दुसरी गोष्ट इनपुटची. फाइलमध्ये ५ व्होल्टचा स्रोत आदर्श असतो. तुमची पॉवर बँक एका पातळ यूएसबी केबलमधून करंट देते. केबल आणि जोड मिळून ०.३ ओहम असले तर सव्वा अँपिअरला ०.३७ व्होल्ट तिथेच जातात आणि आत पोचतात ४.६३. ड्यूटी तीच ठेवली तर आउटपुट ११ च्या थोडं वर येतं. मीटरवर हा आकडा बघून बरेच जण मॉस्फेट बदलत बसतात. त्याऐवजी सिम्युलेशनमध्ये स्रोतावर उजवं क्लिक करा, सिरीज रेझिस्टन्सच्या चौकटीत ०.३ लिहा आणि पुन्हा रन करा. पडदा आणि मीटर जवळ येतात. मग चालू राहण्याचा वेळ ६ वरून ६.३ मायक्रोसेकंद करा, कॉइलचा शिखर करंट पुन्हा वाचा, तो कॉइलच्या मर्यादेत बसतोय ना ते बघा, आणि त्यानंतरच राउटरची पिन लावा.